पंखा उत्तर प्रदेशचा, दिवा दिल्लीचा

मी त्या वर्गाची लांबी तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा चोवीस फूट दोन इंच भरली. आमच्या मुलीची सहावी या चोवीस फूट दोन इंचांत अडकली होती, आणि ती तिथे अडकवली मीच, असं बायकोचं मत होतं. मत कसलं, सगळ्या सोसायटीला ठाऊक असलेली गोष्ट होती.

आम्ही दिल्लीत यमुनेच्या पूर्वेला नव्यानं राहायला गेलो होतो. तिकडे तेव्हा सोसायट्यांचं पीक आलं होतं. बँकवाल्यांची सोसायटी, डॉक्टरांची, रेल्वेवाल्यांची आणि आमची सरकारी नोकरांची. चार मजले, लिफ्टसाठी सोडलेली रिकामी विहीर, जिन्यात ओल्या सिमेंटचा वास. दर आठवड्याला काहीतरी नवीन यायचं. एका आठवड्यात केबल आली, पुढच्या आठवड्यात तिच्या वायरी पतंगाच्या मांज्यात अडकल्या. गच्चीवरून पाहिलं की नाल्यापलीकडे फ्लॉवरची शेतं दिसायची. त्या शेतांपासून उत्तर प्रदेश सुरू होतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो नाल्याच्या अलीकडेच सुरू होत होता. हे शोधून काढणारा मी.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात पिकांचे आकडे तपासतो. राज्याराज्यांतून तक्ते येतात, त्यांच्या बेरजा जुळतात का ते पाहायचं. बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही, असं बायको पाहुण्यांना सांगते. हे खरं नाही. जातं, पण उशिरा.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. छातीवर पट्ट्यानं बांधलेलं यंत्र, सिगारेटच्या पाकिटाएवढं, आणि त्याच्या दोन वायरी दोन कानांत. बायकोनं त्या यंत्रासाठी प्रत्येक फ्रॉकच्या रंगाची पिशवी शिवली होती. एकूण नऊ. यंत्रातून जे पोचायचं नाही ते मुलगी ओठ पाहून ओळखायची. अशा मुलाशी घरात एकच भाषा बोला, असं तज्ज्ञ बाईंनी बजावल्यामुळे आम्ही तिच्याशी हिंदी बोलायचो आणि आपसात मराठी. त्यामुळे तिच्यासमोर गुपितं बोलायची सोय झाली, असं आम्हाला काही वर्षं वाटत होतं. मग एक दिवस तिच्या वाढदिवसाला काय आणायचं याची आमची कुजबुज संपल्यावर ती हिंदीत म्हणाली, "लाल वाली." तिनं मराठी ओठही वाचायला घेतले होते.

घरापासून आठ मिनिटांवर पाचवीपर्यंतची एक छोटी शाळा होती. तिच्या मागच्या बाजूला एका खोलीत 'स्पेशल सेक्शन' भरायचं. अकरा मुलं, एक बाई, स्टँडवरचा एक फळा. सात मुलं कमी ऐकणारी, चार हळू शिकणारी. बाई या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या होत्या. त्यांच्या हाताखाली आमची मुलगी पाचवीचा सगळा अभ्यास करून अपूर्णांकांच्या बेरजांपर्यंत आली होती. पण त्या येण्यापूर्वीचे सात महिने त्या खोलीला शिक्षिकाच नव्हती. कधी ऑफिसातली क्लार्क येऊन बसायची, कधी पीटीचे सर. मुलांना सफरचंद काढून रंगवायला द्यायचे. त्या सात महिन्यांत मुलीच्या वहीत चौसष्ट सफरचंदं जमली. मी मोजली.

तक्रार करायला जागाच नव्हती. पुढच्या इमारतीतले नेहमीचे वर्ग तपासायला सरकारचे लोक दरवर्षी यायचे, रजिस्टरं चाळायचे, समोसे खायचे आणि जायचे. मागच्या खोलीत कुणी डोकावत नसे, कारण कागदावर ती खोली शाळेत मोडतच नव्हती. प्रिन्सिपल मॅडम म्हणायच्या, "वो तो हम सेवा करते हैं." आता सेवेची तपासणी कोण करणार?

फेब्रुवारीत सहावीचा प्रश्न आला. चौकापलीकडे एक मोठी शाळा होती, बारावीपर्यंतची. तिथल्या मुख्याध्यापिकांनी मुलीला भेटून, तिच्याकडून दोन गणितं सोडवून घेऊन, तिला नेहमीच्या सहावीत घ्यायची तयारी दाखवली. त्यांना फक्त एक कागद हवा होता. पाचवी पूर्ण केल्याचा, आणि तोही नोंदणी असलेल्या संस्थेचा. मागच्या खोलीची नोंदणी कुठेच नव्हती. म्हणजे सरकारी हिशेबानं आमची मुलगी आजवर शाळेत गेलीच नव्हती.

"मार्चअखेरपर्यंत नोंदणी दाखवा," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर नियमानं मला तिला पहिलीत बसवावं लागेल. मलाही बरं वाटणार नाही."

मुलगी चार फूट नऊ इंच उंच होती. येताना मी पहिलीच्या वर्गात जाऊन बाकाची उंची मोजून आलो. तिचे गुडघे मावले नसते.

नोंदणी कुणाकडे करायची हे आम्हाला भाचीनं सांगितलं. ती दक्षिण दिल्लीतल्या मुनिरकात खोली घेऊन कायदा शिकत होती आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. येताना आठवड्याचे कपडे धुवायला घेऊन यायची, कारण मुनिरकात पाणी जेमतेम अर्धा तास. त्या रविवारी कपड्यांच्या पिशवीतून तिनं पंच्याण्णव सालच्या अपंगांच्या कायद्याची झेरॉक्स काढली.

"मामा, बसा. कलम एक्कावन्न. नोंदणीशिवाय अपंगांसाठी संस्था चालवताच येत नाही. कलम बावन्न. अर्ज आला की राज्य सरकारच्या अधिकाऱ्यानं चौकशी करायची आणि प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर कारण सांगून नाकारायचं. म्हणजे तुमच्या मॅडम सेवा-बिवा काही करत नाहीयेत, यार. कायदा मोडतायत."

"मामाला यार म्हणतेस?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"सॉरी मामी. मामा, त्या कायदा मोडतायत."

मी ती दोन कलमं चार वेळा वाचली आणि मला फार आनंद झाला. माणसांना सरकारी माणूस दारात दिसला की धडकी भरते. इथे आम्ही अकरा घरं अशी होतो की सरकारनं यावं, आत यावं, बसावं, वह्या उघडून सफरचंदं मोजावीत, म्हणून अर्ज करणार होतो. प्रिन्सिपल मॅडमना एक्कावन्नावं कलम दाखवलं तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून एकदा आणि चष्मा काढून एकदा वाचलं आणि सही केली. अर्ज भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

आता त्या पंख्याचं सांगतो.

मागच्या खोलीत एक पंखा होता आणि एक ट्यूबलाइट. वीज गेली की दोन्ही बंद व्हायला हवीत. इथे कधी पंखा थांबायचा आणि ट्यूब चालू राहायची, कधी ट्यूब जायची आणि पंखा फिरत राहायचा. बाकी कुणाला यात विशेष वाटत नव्हतं. विजेनं समजूतदारपणे वागावं, अशी आमच्या भागात कुणाची अपेक्षाच नव्हती. मुलीला आणायला जायचो तेव्हा मी आदल्या सप्टेंबरातच नोंद ठेवायला लागलो होतो. एका महिन्यात पंखा एकटा नऊ वेळा गेला, ट्यूब एकटी चार वेळा, आणि दोन्ही मिळून एकदाच. एका तारेवरची दोन उपकरणं अशी वागत नाहीत. आता अर्जासाठी वर्ग मोजायला गेलो तेव्हा मी मीटरच्या खोलीत जाऊन पाहिलं. तिथे दोन मीटर होते, एक दिल्लीच्या विजेचा आणि एक उत्तर प्रदेशच्या विजेचा.

उलगडा सोपा होता. शाळेनं पुढची जागा आधी घेतली होती आणि मागचा शेताचा तुकडा नंतर. मधली हद्द कुणी पाहिली नव्हती, आणि खोली दोन्हींवर मिळून बांधली गेली. ठेकेदारानं जिकडून तार जवळ पडली तिकडून ओढली. पंखा उत्तर प्रदेशचा, दिवा दिल्लीचा. हँडपंपाशेजारच्या झुडपात हद्दीचा जुना दगड सापडला, पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये दुसरा. मी आणि शाळेच्या माळ्यानं एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणली. ती खोलीच्या एका खिडकीतून आत आली आणि समोरच्या खिडकीतून बाहेर गेली. दाराच्या भिंतीपासून तिचं अंतर नऊ फूट आठ इंच. म्हणजे बरोबर दोन पंचमांश खोली दिल्लीत आणि तीन पंचमांश उत्तर प्रदेशात. बाकी शून्य. इतकं स्वच्छ गुणोत्तर मला वीस वर्षांच्या नोकरीत पिकांच्या आकड्यांत कधी मिळालं नव्हतं. मी घरी जवळजवळ पळत गेलो.

अर्जात एक रकाना होता: संस्थेच्या जागेचं क्षेत्रफळ आणि हद्द. बाकीचे आईबाप म्हणाले, दिल्ली लिहा आणि मोकळे व्हा. शाळेचा पत्ता दिल्ली, फाटक दिल्ली, पिनकोड दिल्ली. मी लिहिलं: एकूण तीनशे शहाऐंशी पूर्णांक दोन तृतीयांश चौरस फूट, पैकी दिल्लीत एकशे चोपन्न पूर्णांक दोन तृतीयांश, उत्तर प्रदेशात दोनशे बत्तीस. सोबत नकाशा जोडला, दोन रंगांत.

नऊ दिवसांत दिल्लीच्या कार्यालयातून अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा होता: संस्थेचा बहुतांश भाग या कार्यालयाच्या अखत्यारीबाहेर आहे, योग्य त्या राज्याकडे अर्ज करावा.

"अहो, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" बायको म्हणाली.

"रकाना होता."

"त्या रकान्यात दिल्ली मावलं असतं."

"दोन पंचमांशच मावलं असतं."

ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. "मला एक सांगा. पोरगी पहिलीत बसली, की तिचे दोन पंचमांश सहावीत बसतील का?"

त्या दिवशी मला जेवण खरोखरच गेलं नाही.

रजा काढून मी उत्तर प्रदेशच्या बाजूच्या जिल्हा कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी मला चहा पाजला आणि नकाशाचं मनापासून कौतुक केलं. मग विचारलं, "फाटक किधर है?" मी म्हटलं, दिल्लीत. "तो दिल्ली जाइए. आदमी जिधर से घुसता है, संस्था उधर की." दिल्लीचा नियम क्षेत्रफळाचा होता आणि इकडचा फाटकाचा. दोन्ही नियम आपापल्या जागी चांगले होते. फक्त त्या दोघांच्या मधे अकरा मुलं बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात एका मुलाचे वडील माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाईसाहब, कमाल कर दी. बैठे-बिठाए बच्चों को परदेसी बना दिया."

भाची मात्र खूश झाली. तिला परीक्षेपेक्षा आमच्या प्रकरणात जास्त गोडी वाटायला लागली होती.

"मामा, बावन्नात चौकशी लिहिलंय. चौकशी म्हणजे कुणीतरी येऊन बघायला हवं ना? कुणी आलंच नाही. न बघता फाइल परत कशी करतात? लिहा, आधी पाहा, मग नाकारा."

"एवढंच?"

"एवढंच."

पत्र तिनं सांगितलं, मी लिहिलं. मी त्यात दोन तक्ते घातले होते. ते तिनं काढून टाकले. मी एक परत घातला. तिनं तोही काढला आणि पत्र स्वतःच्या पिशवीत ठेवून पिशवीवर बसली.

ते पत्र दिल्लीच्या कार्यालयात देऊन झाल्यावर मी जेवणाच्या सुट्टीत कस्तुरबा गांधी मार्गावर बस बदलून त्या कार्यालयात चौकशीला जायला लागलो. जाताना डबा बसमध्ये खायचा. सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला कळलं, अधिकारी बाई मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाहणीला येतायत. त्या दिवशी मी तीन स्टॉप आधीच उतरलो आणि चालत ऑफिसला गेलो. बसमध्ये बसवत नव्हतं.

पाहणीच्या सकाळी बायकोनं मला दारात थांबवलं.

"आज तुम्ही बोलायचं नाही. विचारलं तरच उत्तर द्यायचं. लहान उत्तर."

"बरं."

"हं. एवढंच."

अधिकारी बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या. मागच्या खोलीच्या दारात त्या थांबल्या, खांद्यावरच्या पिशवीतून फाइल काढली आणि माझा नकाशा उलगडला. घड्यांवरून दिसत होतं की तो याआधीही बऱ्याच वेळा उलगडला गेला होता. मला त्या बाईंविषयी एकदम आदर वाटला.

"ये किसने बनाया है?"

जमलेल्या सगळ्या आईबापांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कुणी क्षणभरही विचार केला नाही.

"लाइन कहाँ से जाती है?"

मी खिशातून टेप काढली आणि खडू काढला. बायकोनं डोळे मिटलेले मला दिसले. पण प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर लहान होतं. या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत मी जमिनीवर सोळा फुटांची एक सरळ रेघ ओढली.

बाई चालत आल्या आणि रेघेपाशी बुटांची टोकं आणून उभ्या राहिल्या.

"याच्या पुढे मी जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पलीकडे मला अधिकार नाही. मी तिकडची पाहणी केली आणि उद्या कुणी हरकत घेतली, तर तुमचं प्रमाणपत्र रद्द होईल. मी या बाजूला जे आहे तेवढंच पाहू शकते."

या बाजूला दोन मुलं बसली होती. नऊ उत्तर प्रदेशात होती. आमची मुलगी फळ्याजवळ बसायची, म्हणजे पार आत. मार्च संपायला चार दिवस होते. प्रिन्सिपल मॅडम छताकडे पाहत होत्या. मी रेघेकडे पाहत होतो. फार सरळ आली होती.

मुलीला हे काही ऐकू आलेलं नव्हतं. पण तिनं अधिकारी बाईंचे ओठ पाहिले, बूट पाहिले, रेघ पाहिली आणि ती उठली. आपलं बाक तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत निघाली. बाकाच्या लोखंडी पायांचा फरशीवर जो आवाज झाला तो आम्हा सगळ्यांच्या दाढांत गेला. तिला त्याचा काही त्रास नव्हता. रेघेवरून बाक पार करून तिनं ते अधिकारी बाईंच्या पुढ्यात ठेवलं, त्यावर बसली, फ्रॉक गुडघ्यांवर नीट केला आणि म्हणाली, "आ गई."

मग जे झालं ते मी क्रमानं सांगू शकत नाही, कारण ते क्रमानं झालं नाही. दुसरं बाक निघालं, तिसरं निघालं. एक मुलगी बाकासकट दोनदा आपटली आणि दोनदा हसली. दोन मुलांना एवढ्यात रेघेवरून उडी मारायची गंमत कळली. ती दिल्लीत आली, परत गेली, पुन्हा आली. एकाची पाण्याची बाटली पलीकडे राहिली म्हणून तो आणायला गेला, मग दप्तर राहिलं म्हणून गेला, मग काहीच राहिलं नव्हतं तरी गेला. शिक्षिका फळ्याचा स्टँड मिठीत घेऊन आल्या. बायका डबे उचलत होत्या, बाप बाकं उचलत होते, आणि मला परदेसी म्हणणारे गृहस्थ वाटेत उभे राहून वाहतूक पोलिसासारखे हात करत होते. पाच मिनिटांत उत्तर प्रदेश रिकामा झाला.

अकरा मुलं, शिक्षिका आणि अधिकारी बाई मिळून तेरा माणसं दिल्लीत मावली. माणशी बारा चौरस फुटांना थोडं कमी. आईबापांना तिकडे जागाच उरली नाही, म्हणून आम्ही उत्तर प्रदेशात जाऊन भिंतीला टेकून उभे राहिलो. तिथे ऐसपैस होतं.

अधिकारी बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि ट्यूब गेली. पंखा आमच्या डोक्यावर मजेत फिरत राहिला. बाईंनी आधी ट्यूबकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"ये क्यों चल रहा है?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही.

"मॅडम, वो यूपी का है," मी म्हणालो.

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर फाइल धरून, मग फाइल बाजूला ठेवून, मग आमच्या मुलीच्या बाकावर तिला सरकवून, खाली बसून. त्या हसल्या म्हणून मुलं हसली, मुलं हसली म्हणून आम्ही. प्रिन्सिपल मॅडमनी अर्धा मिनिट दम धरला, पुढे त्यांनाही जमलं नाही.

एवढं हसूनही बाईंनी पाहणी जराही ढिली केली नाही, हे नमूद करायला हवं. खिडकी पूर्ण उघडून त्यांनी सव्वादोन तास काम केलं. शिक्षिकेची प्रमाणपत्रं पाहिली, सातही यंत्रं चालू आहेत का पाहिलं, दोन यंत्रांच्या बॅटऱ्या संपलेल्या निघाल्या तेव्हा शिक्षिकेला चार शब्द सुनावले. प्रत्येक वही पहिल्या पानापासून उघडली. आमच्या मुलीच्या जुन्या वहीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं, तिसरं.

"ये सब क्या है?"

"चौंसठ," मी म्हणालो. मला विचारलं नव्हतं. बायकोनं माझ्या पावलावर पाय ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"सात महिने टीचर नहीं थी," आमची मुलगी म्हणाली.

आता बाई हसत नव्हत्या. त्यांनी प्रिन्सिपल मॅडमना विचारलं की शिक्षिका नाही हे कुणाला कळवलं होतं. कुणालाच नाही. विचारायला कोण आलं होतं? कुणीच नाही. बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग त्या पुन्हा मुलीकडे वळल्या, माझ्या नकाशावर एक नजर टाकली, आणि तिला आपले ओठ नीट दिसतील असं वाकून विचारलं, "दो बटा पाँच और तीन बटा पाँच, कितना हुआ?"

"एक."

"एक क्या?"

मुलीनं खोलीभर पाहिलं. गर्दीनं भरलेली दिल्ली आणि आम्ही भिंतीला लागून उभे असलेले.

"एक कमरा," ती म्हणाली.

जाताना अधिकारी बाईंनी अहवालातलं एक वाक्य मला दाखवलं. बहुधा मी तपासल्याशिवाय राहणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं. पाहणीच्या वेळी संस्थेचे सर्व विद्यार्थी, शिक्षिका, बाकं आणि फळा दिल्लीच्या हद्दीत आढळले. मी त्यात चूक शोधली. एकही नव्हती. सरकारी कागदावर इतकं खरं आणि इतकं उपयोगी वाक्य मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, आणि मी कागदच पाहत आलोय.

"तुमचा नकाशा नसता, तर मी आलेच नसते," त्या म्हणाल्या. "फाइल एका दिवसात मंजूर झाली असती. न बघता."

घरी येताना बायको म्हणाली, "बरं. पण नकाशात रंग नव्हते घातले तरी चाललं असतं."

प्रमाणपत्र मार्चच्या शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडलं. त्याला तीन अटी होत्या. वर्ग सहा महिन्यांच्या आत पुढच्या इमारतीत हलवावा. शिक्षिकेची जागा रिकामी झाली तर आठ दिवसांत कार्यालयाला कळवावं. आणि कार्यालयाचा अधिकारी न सांगता कधीही येऊन पाहणी करेल. ही तिसरी अट प्रिन्सिपल मॅडमना फारशी आवडली नाही. मला ती इतकी आवडली की मी ती बसथांब्यावर उभं राहून भाचीला एसटीडी बूथवरून वाचून दाखवली. ती म्हणाली, "मामा, मी मुनिरकात आहे, हा लोकल कॉल आहे, ओरडू नका. आणि रडू नका." मी रडत नव्हतो. तिकडे बसचा आवाज फार होता.

आम्ही तिघं तसेच मोठ्या शाळेत गेलो. कार्यालय बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. प्रवेशाच्या खिडकीत एक कारकून बसले होते. मोठी मिशी, तोंडात पान, बोलताना ओठ जेमतेम हलत होते. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, पाचवीचा दाखला पाहिला, रजिस्टर उघडलं आणि मुलीकडे पाहून काहीतरी विचारलं.

ती त्यांच्या मिशीकडे पाहत राहिली. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात बायकोनं माझं मनगट धरलं.

"मुँह दिखाइए," मुलगी त्यांना म्हणाली.

कारकून चपापले. मग त्यांनी उठून कोपऱ्यातल्या कुंडीत पान टाकलं, रुमालानं मिशी दोन्ही बाजूंना सारली, खिडकीतून पुढे वाकले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "कौन सी क्लास में आई हो, बेटा?"

"छठी," ती म्हणाली. तिच्या यंत्राचा आवाज कमी ठेवलेला असावा, कारण ती हे इतक्या मोठ्यांदा म्हणाली की शेजारच्या खोलीतून मुख्याध्यापिका स्वतः उठून पाहायला आल्या. रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. मुलीनं एकेकाचा चेहरा वाचला, कुणाला नीट कळलं नसेल असं तिला वाटलं, आणि त्यांच्यासाठी तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं.